इटालियन माणूस ‘कोबी!’ म्हणून ओरडतो तेव्हा: सौम्य शिव्यांची नवशिक्यांसाठी ओळख

इटालियन शिकायला लागून काही महिने झाले की पुस्तकातली भाषा आणि ट्राममधली भाषा यांच्यातलं अंतर जाणवायला लागतं. बस चुकलेला माणूस ‘कावोलो!’ म्हणतो, शब्दकोश उघडावा तर अर्थ ‘कोबी’. व्हेनिसकडची आजी आश्चर्यानं ‘ओस्त्रेगा!’ म्हणते, अर्थ ‘कालव’, म्हणजे समुद्रातलं शिंपलं. फ्लोरेन्समधला दुकानदार हातातली पेटी पडली की ‘मारेम्मा!’ म्हणतो, नकाशात पाहावं तर तो तोस्काना (टस्कनी) प्रांताचा दक्षिणेकडचा किनारी प्रदेश. कोबी, कालव आणि किनारा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिघंही तीन वेगवेगळ्या शिव्यांच्या जागी उभे आहेत, एवढंच.

मराठी माणसाला ही युक्ती नवी नाही. ‘शिंच्या’ म्हणणाऱ्या आजोबांना त्यातली शिंदळ आठवतेच असं नाही. ‘च्यायला’तून ‘तुझ्या’ गळून पडलं म्हणून तो शब्द घरात चालून जातो. मुंबईची कॉलेजातली मुलं ‘भेंडी’ म्हणतात तेव्हा त्यांना भाजी अभिप्रेत नसते. तरीही आपण परक्या भाषेतले असे शब्द ऐकले की ते निरुपद्रवी समजून लगेच वापरायला जातो, आणि तिथेच पंचाईत होते. सौम्य शब्द सगळे सारखे सौम्य नसतात. ज्या शिवीपासून तो निघाला, तिची धग त्यात थोडी शिल्लक असते. किती शिल्लक आहे हे मूळ कळल्यावरच समजतं. म्हणून हा लेख मुळापासून सुरू होतो आणि वापराकडे मग येतो. काही मूळ शब्द स्पष्ट लिहावे लागतील, त्याला इलाज नाही.

पहिली पायरी: कोणती शिवी कोणत्या जातीची, ते ओळखा

इटालियनमध्ये यासाठी वेगवेगळी नावं आहेत आणि ती मनात वेगळी ठेवणं फार महत्त्वाचं आहे. ‘पारोलाच्चा’ म्हणजे वाईट शब्द. ‘पारोला’ म्हणजे शब्द, आणि ‘आच्चा’ हा कुत्सितपणा दाखवणारा प्रत्यय. शरीराच्या अवयवांवरून, विष्ठेवरून, लैंगिक क्रियेवरून आलेले शब्द यात येतात. ‘इम्प्रेकात्सिओने’ म्हणजे रागानं काढलेला उद्गार किंवा शाप. आणि ‘बेस्तेम्म्या’ म्हणजे देवाला दिलेली शिवी. हा शब्द ग्रीक ‘ब्लास्फेमिया’वरून लॅटिनमार्गे घासत घासत इथवर आला.

आपल्याकडे शिवीचं वजन बहुतेक वेळा आईबहिणीच्या नावावर ठरतं. इटलीत तसं नाही. सबंध देशात पारोलाच्चा रोजच्या बोलण्यात सर्रास येते, पण बेस्तेम्म्या ऐकली की जेवणाच्या टेबलावर खरोखर शांतता पसरते. स्वतः कधी चर्चची पायरी न चढणारे लोकही अस्वस्थ होतात. नवख्याला हा फरक ऐकून कळत नाही, कारण दोन्ही एकाच सुरात म्हटल्या जातात.

दुसरी पायरी: कोबीचं घराणं पाठ करा

इटलीतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी शिवी ‘कात्सो’. अर्थ पुरुषाचं लिंग. ती रागाला, आश्चर्याला, कौतुकाला, विसरभोळेपणाला, सगळ्याला चालते. तिच्याऐवजी वापरायच्या शब्दांचा नियम एकच: सुरुवात ‘का’नं झाली पाहिजे. ‘का’ ऐकताच समोरच्याला पुढचं कळतं, आणि बोलणाऱ्याला मात्र मी कोबी म्हणालो असं सांगता येतं.

‘कावोलो’ यातला सर्वांत उपयोगी. जोर ‘का’वर द्यायचा. ‘काक्क्यो’ त्याच्यापेक्षा एक पाऊल तिखट. त्याचा मूळ अर्थ द्राक्षवेलीचा कोवळा फुटवा. इथे मला ‘शष्प’ आठवल्याशिवाय राहत नाही. ‘मला त्यातलं शष्प कळलं नाही’ असं म्हणणाऱ्यांना शष्प म्हणजे कोवळं गवत हे सांगता येतं, आणि ते खरंही असतं. पण कोणता केस अभिप्रेत आहे ते बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. इटालियन माणूस हेच वाक्य ‘नॉन कापिस्को उन काक्क्यो’ असं म्हणतो. वनस्पतीच्या कोवळ्या भागाआड लपायची ही युक्ती दोन भाषांना स्वतंत्रपणे सुचावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘कास्पिता’ मात्र आज पार निवळलेला आहे. आश्चर्य आणि कौतुक दाखवायला तो कुणासमोरही चालतो: ‘कास्पिता, के बेल्ला कासा!’, म्हणजे ‘वा, काय सुंदर घर!’ ‘काप्पेरी’ही याच घराण्यातला. ही लोणच्यासारखी मुरवून ठेवतात ती कळी, पिझ्झावर असते ती. तो आता जरा जुनाट वाटतो.

नुसता उद्गार शिकून भागत नाही, कारण कोबी व्याकरणातही शिरलेला आहे. मूळ शिवी जिथे जिथे बसते तिथे तिथे कोबी बसतो. ही वाक्यं तयार ठेवा:

- ‘के कावोलो वुओय?’: तुला हवंय तरी काय? (वैतागून)
- ‘कोल कावोलो!’: मुळीच नाही, शक्यच नाही.
- ‘फात्ती इ कावोली तुओई’: तू तुझं बघ.
- ‘सोनो कावोली आमारी’: आता आली पंचाईत. शब्दशः ‘कडू कोबी आहेत’.
- ‘कावोलाता’: मूर्खपणाची गोष्ट, फालतू काम.
- ‘इन्कावोलार्सी’: भडकणं. ‘सोनो इन्कावोलातो’ म्हणजे मी भडकलोय. बाई असेल तर ‘इन्कावोलाता’.

यातला तिसरा शब्दप्रयोग मित्रांपलीकडे वापरू नका. कोबी असला तरी वाक्याचा रोख उद्धटच राहतो. शब्द मऊ केल्यानं वाक्य मऊ होत नाही, हे या भाषेत वारंवार अनुभवाला येतं.

आणि प्रत्येक कोबी शिवीच असतो असंही नाही. ‘कोमे इ कावोली आ मेरेन्दा’ म्हणजे ‘दुपारच्या खाऊला कोबी दिल्यासारखं’. एखादी गोष्ट अगदीच विसंगत असेल तर असं म्हणतात. इथला कोबी खराखुरा भाजीचा आहे, आणि ही म्हण शिक्षकांसमोरही बिनधास्त वापरता येते.

तिसरी पायरी: देवाच्या जवळपास असाल तर जपून

हा भाग सर्वांत समृद्ध आहे आणि सर्वांत धोक्याचाही.

बेस्तेम्म्याची घडण साधारण अशी: देवाचं, ख्रिस्ताचं किंवा मादोन्नाचं, म्हणजे मेरीमातेचं नाव, आणि त्याला जोडलेलं एखाद्या जनावराचं किंवा अपमानाचं विशेषण. डुक्कर हे त्यातलं नेहमीचं जनावर: पुल्लिंगी ‘पोर्को’, स्त्रीलिंगी ‘पोर्का’. त्यामुळे ‘पोर्को’ हा शब्द कानावर पडला की इटालियन ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत क्षणभर थांबतो. सौम्य शब्द जन्मले ते त्या क्षणात. ‘पोर्को त्सीओ’ म्हणजे ‘डुक्कर काका’. त्सीओचा शेवट ‘दीओ’शी, म्हणजे देवाशी जुळतो. ‘पोर्को दुए’ म्हणजे ‘डुक्कर दोन’. दुए हा आकडा देवाचं पहिलं अक्षर तेवढं राखतो. एकानं शेपूट धरलं, दुसऱ्यानं डोकं. पण दोन्हींतून देव इतका स्पष्ट दिसतो की मी नवख्यांना हे दोन्ही वापरू नका असंच सांगेन. ‘पोर्का मिझेरिया’ (डुक्कर दारिद्र्य), ‘पोर्का वाक्का’ (डुक्कर गाय) आणि ‘पोर्का पालेत्ता’ (डुक्कर फावडं) यांत देव उरलेला नाही. त्यांतलं पोर्का मिझेरिया सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि गाडी बंद पडली किंवा कॉफी सांडली तर ते चालून जातं.

मेरीमातेच्या नावासाठी तोस्कानानं शोधलेला पर्याय मला फार भावतो. ‘मादोन्ना’च्या जागी ‘मारेम्मा’. सुरुवातीचं ‘मा’ तेच, मधे जोडाक्षर, शेवटी ‘आ’. आणि मारेम्मा हा प्रदेशही शिव्या खाण्यासारखाच होता. शतकानुशतकं तिथं दलदल आणि मलेरिया होता. हंगामी मजुरीला गेलेली माणसं तापानं मरत. तोस्कानावर राज्य करणाऱ्या लोरेन घराण्याच्या ग्रँड ड्यूकांनी दलदल उपसण्याचं काम नेटानं हाती घेतलं आणि ते काम विसाव्या शतकापर्यंत चाललं. त्यामुळे ‘मारेम्मा मायाला’ म्हणताना तोस्कानाचा माणूस मेरीमातेला वाचवतो आणि दुःख दिलेल्या जमिनीला शिवी घालतो. ‘मायाला’ म्हणजे डुकरीण. मराठी कानाला तो ‘मायला’सारखा लागतो, पण दोघांचं नातं काही नाही.

व्हेनिस आणि त्याभोवतालच्या वेनेतो प्रांतात ‘ओस्त्या’ हा उद्गार ऐकू येतो. ओस्त्या म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, दिली जाणारी ती पातळ पवित्र भाकर. गोव्यात किंवा वसईत मिस्सेला गेलेल्यांना तिचं पावित्र्य वेगळं सांगायला नको. म्हणून तिथल्या लोकांनी ती बदलून ‘ओस्त्रेगा’ केली, आणि आणखी लाडानं ‘ओस्त्रेगेता’, म्हणजे छोटंसं कालव. कुठे कुठे ‘ओस्तेरिया’ही म्हणतात, म्हणजे खाणावळ. ख्रिस्ताच्या नावासाठी ‘क्रिब्ब्यो’ आहे, ज्याला काही अर्थच नाही. माजी पंतप्रधान सिल्व्हियो बेर्लुस्कोनी यांच्या तोंडी तो इतका असे की त्यांची नक्कल करणारे हटकून तोच वापरत. काही जण ‘क्रिस्तो’ म्हणता म्हणता ‘क्रिस्तोफोरो कोलोम्बो!’ म्हणतात, म्हणजे कोलंबसाच्या नावाआड लपतात.

एवढी धडपड कशासाठी, याचं उत्तर कायद्यात आणि इतिहासात आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानं 1537 मध्ये बेस्तेम्म्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र अधिकारी नेमले होते. त्यांचं नावच ‘बेस्तेम्म्याविरोधी कार्यवाहक’ अशा अर्थाचं होतं. चर्चजवळ जुगार आणि अपशब्दांना मनाई करणाऱ्या दगडी पाट्या त्या शहराच्या भिंतींवर आजही वाचता येतात. आजच्या इटलीच्या दंडसंहितेतलं कलम 724 सार्वजनिक ठिकाणच्या बेस्तेम्म्याबद्दल आहे. ही संहिता 1930 सालची. सुरुवातीला हा फौजदारी गुन्हा होता. 1999 पासून तो प्रशासकीय दंडाचा विषय झाला, आणि दंड 51 ते 309 युरो. त्याआधी 1995 मध्ये घटनात्मक न्यायालयानं कलमातला एका धर्मापुरता असलेला भाग काढून ते ‘ईश्वरत्वा’पुरतं मर्यादित केलं. म्हणजे मेरीमाता आणि संत कायद्याच्या काटेकोर अर्थानं त्याबाहेर पडले. समाजाच्या नजरेत मात्र ते आत्ताही आतच आहेत.

फुटबॉल पाहणाऱ्यांना याचा प्रत्यय येतो. 2010 पासून इटालियन फुटबॉल महासंघानं मैदानावरच्या बेस्तेम्म्यासाठी थेट बाहेर काढण्याची शिक्षा ठेवली. 2018 मध्ये उदिनेसे क्लबच्या रोलान्दो मान्द्रागोरावर एका सामन्याची बंदी आली, तीही पंचांनी ऐकलं म्हणून नव्हे, तर चित्रीकरणात ओठ वाचता आले म्हणून. जगज्जेता गोलकीपर जानलुईजी बुफॉन यालाही याच कारणावरून सुरुवातीला 5000 युरोंचा दंड झाला, आणि पुढे अपिलात एका सामन्याची बंदी आली. दूरदर्शनच्या पडद्यावर खेळाडू तोंडावर हात धरून का ओरडतात, हे आता तुमच्या लक्षात येईल.

चौथी पायरी: शापातून आलेले शब्द आधी शिका, कारण ते सर्वांत निर्धोक

मूळ शाप भयंकर, आणि आजचे शब्द अगदी घरगुती. ‘अच्चिदेन्ती!’ हा त्यातला आदर्श नमुना. ‘अच्चिदेन्ते’ म्हणजे जुन्या वैद्यकीय भाषेत अचानक आलेला झटका, माणूस जागीच कोसळतो तसा. ‘तुला झटका येवो’ असा तो शाप. त्याचं अनेकवचन म्हणजे अच्चिदेन्ती. आज किल्ली हरवली, पाऊस आला, तिकीट महाग निघालं, की म्हणा ‘अच्चिदेन्ती!’ लहान मुलांना ऐकवायचं असेल तर ‘अच्चिदेम्पोली’.

‘मान्नाज्जा’ दक्षिणेतून आला. ‘माल न’आज्जा’, म्हणजे ‘त्याचं वाईट होवो’, हे शब्द एकमेकांत विरघळून तो झाला. नेपल्सकडचा हा शब्द आता देशभर चालतो. ‘मान्नाज्जा ला मिझेरिया’ म्हणजे दारिद्र्याचं वाटोळं होवो, आणि आपल्या ‘छे, काय हे नशीब’ याच्या जागी ते सहज बसतं. जोडाक्षरं दाबून म्हणा. आपल्या ‘पक्का’तला ‘क्क’ जसा थांबून निघतो, तसाच इथला ‘न्ना’ आणि ‘ज्जा’. घाईत एकेरी व्यंजन उच्चारलं तर शब्दाची गंमत जाते.

इथे एक नियम नीट लक्षात ठेवा. हे शब्द एकटे असतील तर उद्गार. पुढे ‘आ ते’, म्हणजे ‘तुला’, लावलं की जुना शाप जागा होतो. ‘अच्चिदेन्ती!’ म्हणजे ‘अरे बापरे’. ‘अच्चिदेन्ती आ ते!’ म्हणजे थेट तुमच्यावर रोख. जवळच्या माणसांत तो लाडाचा असू शकतो, अनोळखी माणसाला तो लागतो.

रोममध्ये शापाची गाडी मेलेल्यांकडे वळते. ‘मोर्ताच्ची तुआ’ म्हणजे ‘तुझे ते मेलेले (नालायक) पूर्वज’. रोजच्या बोलण्यात त्याचं पुढचं टोक तुटून ‘ताच्ची तुआ’ उरतं. कोबीच्या घराण्यात शब्दाचं डोकं राखतात आणि धड बदलतात. इथे डोकंच उडवतात, आपल्या ‘च्यायला’सारखं. रोमचे दोन जुने मित्र वर्षांनी भेटले तर एकमेकांना हेच म्हणत मिठी मारतील. तुम्ही म्हणू नका. मृतांचा अपमान इटलीत खरोखर जिव्हारी लागतो. मघाच्या त्याच कलम 724 मध्ये मृतांच्या जाहीर अवमानाचाही उल्लेख आहे. रोमचाच हवा असेल तर ‘आम्माप्पा!’ घ्या. ‘आम्मात्सा’, म्हणजे ‘मार!’, यावरून तो सौम्य झाला, आणि त्याचा अर्थ फक्त ‘बापरे, केवढं!’ इतकाच राहिला आहे.

पाचवी पायरी: ज्या गावात राहता तिथला शब्द ऐका

सिसिलीत ‘मिन्क्या’ हा लिंगवाचक शब्द सतत कानावर पडेल; तो लॅटिन ‘मेन्तुला’वरून आला. त्याचं सौम्य रूप ‘मित्सिका’. जेनोआत ‘बेलिन’ आणि बेर्गामो-ब्रेशात ‘पोता’ हे मुळात अवयवांचेच शब्द, पण वापरून वापरून ते आता आपल्या ‘अरे’ किंवा ‘म्हणजे’सारखे वाक्यात पेरले जातात. स्थानिक माणसाच्या तोंडी ते गोड वाटतात. बाहेरच्यानं म्हटले की लोक हसतात, आणि ते हसणं नेहमी कौतुकाचंच असतं असं नाही. वर्षभर तरी फक्त ऐका.

सहावी पायरी: कंटाळा आणि हाकलणं

कंटाळा आला की तरुण मंडळी ‘के पाल्ले!’ म्हणतात. पाल्ले म्हणजे चेंडू, अर्थात वृषण. हा मित्रांत चालतो, प्राध्यापकांसमोर नाही. तिथं ‘के नोया’ (काय कंटाळा), ‘के बार्बा’ (काय दाढी) किंवा ‘के पीत्सा’ (काय पिझ्झा) म्हणा. त्रास देणाऱ्याला ‘रोम्पिस्कातोले’ म्हणतात, शब्दशः ‘डबे फोडणारा’. हे डबेही त्याच चेंडूंच्या जागी आलेत, पण आता इतके रुळलेत की घरात सर्रास ऐकू येतात.

हाकलण्यासाठी ‘वाफ्फान्कूलो’ ही शिवी जगभर पोचली आहे. 2007 च्या 8 सप्टेंबरला विनोदी नट बेप्पे ग्रिल्लो यांनी बोलोन्यात राजकारण्यांविरुद्ध मोठा मेळावा घेतला, तोच या शिवीच्या नावानं, आणि वर्तमानपत्रांनी तो ‘व्ही-डे’ असा एका अक्षरात छापला. रोजच्या वापरात तिचं ‘वाफ्फा’ होतं. त्याहून सभ्य म्हणजे ‘वाय आ क्वेल पाएझे’, अर्थ ‘त्या गावाला जा’. कोणत्या गावाला, हे कुणी विचारत नाही. ‘वा आ फार्ती फ्रिज्जेरे’, म्हणजे ‘जाऊन तळून घे’, हे आणखी हलकं. तरीही ही तिन्ही वाक्यं माणसाच्या तोंडावर बोलण्याची आहेत, वस्तूवर नव्हे. भांडण नको असेल तर ती कपाटातच ठेवा.

सातवी पायरी: पुस्तकी शब्दांना ओळखा, पण वापरू नका

‘पेरबाक्को’ (मद्यदेव बाखसची शपथ), ‘पेरदिन्ची’ आणि त्याचं लांबलेलं ‘पेरदिन्दिरिन्दिना’ हे सगळे ‘देवाची शपथ’ टाळण्यासाठी निघाले. ‘दियामिने’त सैतान आणि प्रभू एकत्र आलेत: ‘दियावोलो’ आणि ‘दोमिने’ यांची ती गाठ. या सगळ्यांत एक दियामिनेच अजून ताजा आहे, ‘के दियामिने!’ वैतागून म्हणता येतं. बाकीचे तरुण माणसानं म्हटले तर तो जुन्या नाटकातून आल्यासारखा दिसतो.

आठवी पायरी: क्रम लावून वापरायला घ्या

पहिल्या महिन्यात ‘माम्मा मिया’ (शब्दशः ‘माझी आई’), ‘अच्चिदेन्ती’ आणि ‘कास्पिता’. ही तिन्ही ऑफिसात, घरमालकिणीसमोर, मित्राच्या आईसमोर चालतात. मग ‘मान्नाज्जा’. ज्या माणसांशी तुमचं ‘तू’ झालंय, म्हणजे औपचारिक ‘लेई’ मागे पडलंय, त्यांच्यात ‘कावोलो’ आणा. ‘काक्क्यो’ आणि ‘पोर्का मिझेरिया’ फक्त समवयस्कांत. मूळ शिव्या समजून घ्या, बोलू नका. आणि मेसेजमध्ये कुणी ‘कात्सो’ (cazzo) हा मूळ शब्द लिहून मधल्या दोन झेडच्या जागी दोन एक्स टाकले, तर तोही एक प्रकारचा सौम्यपणाच आहे, पण डोळ्यांपुरता. वाचणारा मनात पूर्ण शब्दच वाचतो. ऑफिसच्या ग्रुपवर त्याचा उपयोग नाही.

चुकून खरा शब्द निघालाच तर

पारोलाच्चा निघाली असेल तर इटालियन माणसाचा ठरलेला उपाय आहे: ‘स्कुसाते इल फ्रान्चेझीझ्मो’. म्हणजे ‘या फ्रेंच शब्दाबद्दल माफ करा’. शिवीचा दोष शेजारच्या देशाच्या भाषेवर टाकून सगळे पुढे जातात, आणि हे वाक्य तुमच्या तोंडून आलं तर यजमान बहुधा खूश होतील. बेस्तेम्म्या निघाली असेल तर मात्र हे म्हणू नका. ते थट्टेसारखं लागतं. तिथं नुसतं ‘स्कुसाते’ म्हणा आणि बोलणं पुन्हा दुसऱ्या कुणाला सुरू करू द्या.